गाडी ‘चालवत आणा’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं काय करायचं?

पत्र: सर, आमची पेट्रोलवरची छोटी गाडी सहा वर्षं जुनी आहे. शनिवारी नेहमीच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणली. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदललं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली ताटलीएवढा ओला डाग दिसला. एसीचं पाणी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. स्वारगेटला जाऊन परत आले, तर सोसायटीच्या रॅम्पवर डॅशबोर्डवर किटलीसारखा लाल दिवा लागला. मागे वॉचमन शिट्ट्या मारत होता, मागून गाड्या होत्या, म्हणून तशीच खाली आमच्या जागेपर्यंत नेली आणि बंद केली. उतरून बघते तर गेटपासून गाडीपर्यंत ऑइलचा पट्टा. वॉचमनने पाइप लावून धुतलं, तर ते आणखी पसरलं. सासूबाईंनी वरून फिनेल ओतलं. संध्याकाळी बी विंगमधल्या एका काकांची स्कूटर त्याच रॅम्पवर घसरली, त्यांचा गुडघा सोलला. सेक्रेटरींनी ग्रुपवर पाच हजारांचा दंड जाहीर केलाय. मेकॅनिकना फोन केला तर म्हणाले, ‘नवीन पोराकडून नट ढिला राहिला असेल. काही होत नाही ताई, गाडी चालवत आणा, टॉप-अप मारून देतो.’ हे मेकॅनिक माझ्या बाबांच्या वेळेपासूनचे, बारा वर्षांचे. बाबा आजारी असताना रात्री दोन वाजता त्यांनीच गाडी काढून दवाखाना गाठला होता. नवरा म्हणतो, ग्राहक मंचात खेचू. गाडी चार दिवस तशीच उभी आहे. इंजिन गेलं का? डागांचं काय करू? आणि यांच्याकडे पुन्हा जाऊ का?
— एक वाचक, धायरी, पुणे

ताई,

गाडी चार दिवस उभी आहे हे वाचून मला बरं वाटलं. तिला तिथेच राहू द्या. किल्ली घरातल्या अशा माणसाकडे द्या, ज्याला ‘जरा चालू करून बघतो’ असा मोह होत नाही. तुमच्या पत्रावरून ते काम यजमानांपेक्षा सासूबाईंना जमेल असं दिसतं, फिनेलचा डबा मात्र त्यांच्याकडून काढून घ्या.

आता इंजिन. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. पेट्रोलचा दिवा लागला की अजून वीस-तीस किलोमीटर जाता येतं, तसाच हाही ‘आता भरून घ्या’ म्हणणारा असेल असं वाटतं. तसं नाही. हा दिवा लागतो तेव्हा ऑइल पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येत असते, म्हणजे क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ पडदा फाटायला लागलेला असतो. तो पडदा गेला की धातूवर धातू घासतो. त्यापुढे इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून नियम एकच: तो दिवा चालू गाडीत लागला की बाजूला घ्यायचं आणि इंजिन बंद. मागचे कितीही हॉर्न वाजवोत. तुम्ही रॅम्पवर थांबायला हवं होतं. वॉचमनच्या शिट्ट्यांपुढे थांबणं सोपं नसतं हेही मला कळतं, आणि झालं ते झालं.

पण तुमच्या पत्रात एक चांगली खूण आहे. दिवा सपाट रस्त्यावर लागला नाही, रॅम्पवर लागला. गाडी तिरकी झाली की चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्यात, उरलेलं ऑइल एका कडेला जातं आणि पंपाची चाळणी उघडी पडते. याचा अर्थ चेंबरमध्ये तेव्हा थोडंफार ऑइल होतं, पंपापर्यंत पोचत नव्हतं इतकंच. सपाटीवर, सिंहगड रोडच्या गर्दीत दिवा लागला असता आणि तुम्ही तशीच दोन किलोमीटर आली असता, तर मी या पत्राला वेगळ्या सुरात उत्तर दिलं असतं. रॅम्पपासून तुमच्या जागेपर्यंत, पहिल्या गियरमध्ये, फारतर मिनिटभर. माझा अंदाज आहे की इंजिन वाचलंय. पण अंदाजावर गाडी चालू करायची नाही.

हा अंदाज तुम्ही स्वतः थोडा पक्का करू शकता, त्याला मेकॅनिक लागत नाही. बॉनेट उघडा. पिवळ्या किंवा नारिंगी कडीची डिपस्टिक असते, ती ओढून काढा, जुन्या सुती फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. टोकाला दोन खुणा किंवा दोन भोकं असतात. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो आणि एकूण ऑइल तीन-साडेतीन लिटरच्या आसपास. ऑइल खालच्या खुणेला टेकत असेल तर जीव भांड्यात पडू द्या. खुणेच्या खाली पण काडीच्या टोकाला लागत असेल तरी आशा चांगली आहे. काडी पूर्ण कोरडी आली, तर मात्र मेकॅनिकशी पुढे जे बोलायचं आहे ते जरा कडक आवाजात बोलावं लागेल. मोबाईलवर काडीचा फोटो काढून ठेवा. गाडीखालच्या डागाचा, पट्ट्याचा, रॅम्पचा, सगळ्याचा काढा. वॉचमनने अर्धा पुरावा धुऊन टाकलाच आहे.

त्या सकाळच्या ताटलीएवढ्या डागाकडे परत येऊ, कारण मेकॅनिक न बघता जे ‘असेल’ म्हणाले, ते तो डाग बऱ्यापैकी सांगतो. सर्व्हिसिंगनंतर ऑइल गळायच्या नेहमीच्या दोन जागा. एक, चेंबरच्या तळाचा ड्रेन नट. दुसरी, ऑइल फिल्टरचं तोंड. जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी इंजिनालाच चिकटून राहतं. घाईत कोणी ते न काढता नवीन फिल्टर बसवला की रबरावर रबर होतं आणि गाडी चालू झाल्यावर दाबाने तिथून ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. पण त्या प्रकारात गळती इंजिन चालू असताना होते, गाडी बंद केली की जवळपास थांबते. तुमच्याकडे रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडला. दाब नसताना, नुसत्या वजनाने ठिबकत राहिलेलं ऑइल म्हणजे बहुधा तळाचा नटच. आणि एसीचं पाणी म्हणून फसलात त्यात तुमचाही फार दोष नाही, नवीन ऑइल काळं नसतं, मधासारखं असतं, आणि ओल्या सिमेंटवर सगळंच सारखं दिसतं. पुढच्या वेळी बोट लावून चोळून बघा. पाणी लगेच सुटतं, ऑइल बोटावरून जात नाही.

नट म्हटलं तरी त्यात तीन गोष्टी येतात आणि तिन्हींची किंमत वेगळी. नट हाताने लावला आणि पाना मारायचा राहिला, हे सगळ्यात स्वस्त. नटाखालचा वायसर जुनाच चढवला किंवा बसवलाच नाही, हेही स्वस्त, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो वायसर दरवेळी नवीन टाकायचा असतो, किंमत चहाच्या बिलाएवढी, आणि तरी निम्म्या गॅरेजांत तो बदलत नाहीत. तिसरी गोष्ट वाईट: नट इतका आवळला की चेंबरचे आटे गेले. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर मोठ्या पान्याने जोर काढणाऱ्या नवीन मुलाकडून हे हमखास होतं. आटे गेलेले असले की नट फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. अशा वेळी टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील थापून ‘झालं ताई, आता थेंब येणार नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आट्यांची नवीन जाळी बसवणं किंवा चेंबर बदलणं, एवढाच त्यावर उपाय आहे, आणि ज्याने आटे घालवले त्याने तो करून द्यायचा.

आता मेकॅनिक. इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल.

मी एका आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना एकोणतीस वर्षं शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्या प्राचार्यांची फियाट वर्कशॉपमध्ये ऑइल बदलायला आली होती. मुलांना दाखवायला मीच खाली शिरलो. जुनं ऑइल उतरवलं, नट हाताने फिरवून लावला आणि म्हणालो, ‘आता यावर पाना मारायचा.’ तेवढ्यात चहाची घंटा झाली. पाना जमिनीवर ठेवला, चहाला गेलो, परत येऊन वरून ऑइल भरलं, फडक्याने हात पुसले. पाना तिथेच पडलेला होता. सोळा मुलं माझ्याकडे बघत होती, एकालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण सर चुकत नाहीत. प्राचार्य संध्याकाळी घरी पोचायच्या आत गाडी ठकठक करायला लागली. बेअरिंग गेलं. खर्च मी तीन पगारांतून हप्त्याने भरला. तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमध्ये नियम होता: पाना मारला की नटावर आणि चेंबरवर मिळून खडूची एक रेघ ओढायची, आणि ती रेघ दुसऱ्याने बघायची. रेघ नाही तर ऑइल भरायचं नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ढिला नट ही चहाच्या घंटेची चूक आहे. ती मी केली, माझ्या हुशार विद्यार्थ्यांनी केली, कंपनीच्या चकचकीत वर्कशॉपमध्येही होते. तिच्यासाठी बारा वर्षांचं नातं तोडायचं कारण नाही.

‘चालवत आणा’ हे मात्र त्या जातीचं नाही. लाल दिवा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांना माहीत आहे. ऑइल सांडलंय हे कळल्यावर, किती सांडलंय हे न बघता, दिवा लागून गेलेली गाडी चालवत आणा म्हणणं म्हणजे स्वतःच्या अडचणीसाठी तुमचं इंजिन पणाला लावणं. रविवारी गॅरेज सोडून धायरीपर्यंत यायचा कंटाळा असेल, किंवा गाडी एकदा गॅरेजात आली की प्रकरण आतल्या आत मिटेल असं वाटलं असेल. आणि वाटेत इंजिन जाम झालं असतं तर ‘तुम्ही चालवली म्हणून’ हे वाक्य तयारच होतं. तुम्ही गेला नाहीत हे फार चांगलं केलंत.

तर भांडण नटावरून करू नका, त्या वाक्यावरून करा. तेही फोनवर नको, लिहून. असं काहीतरी पाठवा:

‘काका, शनिवारी तुमच्याकडे सर्व्हिसिंग झालं. रविवारी सकाळी गाडीखाली ऑइल होतं, नंतर ऑइलचा लाल दिवा लागला. तेव्हापासून गाडी बंद आहे. तुम्ही चालवत आणा म्हणालात, मी आणणार नाही. इथे येऊन नट आणि आटे बघा, नाहीतर टोचन पाठवा. खर्च तुमच्याकडे. फोटो पाठवत आहे.’

यात शिवी नाही, धमकी नाही, आणि तारीखवार सगळं आहे. ‘काका’ राहू द्या. बाबांच्या त्या रात्रीचा उल्लेख करू नका, तो त्यांना आपोआप आठवेल.

ते आले तर अर्धं काम झालं. त्यांनी गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावून नट उघडावा, वायसर तुम्हाला दाखवावा, आटे दाखवावेत. नट काढतानाच उरलेलं ऑइल स्वच्छ तसराळ्यात घ्यायला सांगा, फेकू देऊ नका. ते तसराळं उन्हात न्या आणि तिरकं करून बघा. ऑइलमध्ये पितळी किंवा चंदेरी चकाकी तरंगताना दिसली तर बेअरिंग घासलंय. काहीजण चुंबक फिरवून ‘काही लागत नाही’ म्हणतात, पण बेअरिंगचं अस्तर लोखंडाचं नसतं, ते चुंबकाला लागतच नाही. डोळ्याने बघा. चकाकी नसेल तर नवीन वायसर, नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय त्याच ग्रेडचं नवीन ऑइल, आणि खडूची रेघ. ती रेघ तुम्ही मागा. त्यांना कळेल की तुम्हाला कोणीतरी शिकवलंय.

मग गाडी चालू करायची. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. सुरुवातीला वरून हलकी टिकटिक येईल आणि जाईल, ती चालते. खालून, ॲक्सिलरेटर दिल्यावर जड ठकठक आली तर ताबडतोब बंद. आणि आवाज नसला तरी ऑइलच्या दाबाचा मीटर लावून बघायला सांगा. दिव्याचा सेन्सर काढून तिथे मीटर लावायचा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ‘त्याची गरज नाही’ म्हणाले तर म्हणा, मला आहे. शेवटी केलेल्या कामाचा कागद घ्या: काय सापडलं, काय बदललं, तारीख, किलोमीटर, सही. बारा वर्षांत तुम्ही कधी पक्कं बिल घेतलं नसणार, मला खात्री आहे.

पहिले दोन दिवस जळक्या ऑइलचा वास येईल, थोडा धूरही दिसेल. सायलेन्सरच्या पाइपवर उडालेलं ऑइल तापून जातं, घाबरू नका. धूर दाट झाला तर मात्र थांबा. गाडीखाली प्लास्टिकचा गार्ड असेल तर तो काढून पुसून घ्यायला सांगा, कारण त्याच्या खोबणीत साठलेलं ऑइल आठवडाभर ठिबकतं आणि माणूस उगाच म्हणत राहतो, अजून गळतंय. पट्ट्यावर, म्हणजे फॅनबेल्टवर ऑइल उडालंय का तेही बघून घ्या. भिजलेला बेल्ट घसरतो आणि लवकर जातो.

ते आले नाहीत तर? तर तुमच्या विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची पुरवणी आहे का बघा, बऱ्याच पॉलिसींत असते, टोचन फुकट मिळतं. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेऊन नट उघडायच्या आधी तिथल्या मेकॅनिकसमोर व्हिडिओ काढा आणि त्याच्याकडून काय सापडलं ते लेखी घ्या. मग यजमानांच्या मार्गाला अर्थ आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915, तिथे तक्रार नोंदवली की गॅरेजवाल्याशी संपर्क होतो आणि पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ज्याला आपण अजून मंच म्हणतो तोच. 2019 च्या कायद्यात याला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सर्व्हिसिंगला कितीही लुबाडलं असलं तरी तेवढे नसतील दिले. वकील लागतोच असं नाही, पण बिल लागतं. वाहन विम्याकडून फार आशा ठेवू नका, साधी पॉलिसी अपघाताचं नुकसान बघते, मेकॅनिकच्या ढिल्या नटाचं नाही. इंजिन प्रोटेक्टची पुरवणी घेतली असेल तर तिच्या अटी एकदा वाचा.

यजमानांना सांगा, आयोगाचा रस्ता बंद झालेला नाही, दोन वर्षं उघडा आहे. आज तिथे जायची घाई करायची गरज नाही.

आता जमीन. खरं तर दिवसांच्या हिशेबाने ही पहिली यायला हवी होती, कारण रॅम्पवरचं ऑइल आजही कुणालातरी पाडू शकतं. पाणी मारणं ही पहिली चूक. ऑइल पाण्यावर तरंगतं, पाणी त्याला उचलून लांब नेतं, आणि थोडा साबण नसताना ते फक्त जागा बदलतं. फिनेलने वास बदलतो, ऑइल तिथेच. कोणी बाथरूमचं ॲसिड सुचवेल, ते सिमेंट खातं आणि ऑइलला हात लावत नाही. कोणी रॉकेल किंवा पेट्रोल म्हणेल, ते ऑइलला पातळ करून जमिनीच्या पेव्हर ब्लॉकच्या आणखी आत नेतं, आणि बंदिस्त पार्किंगमध्ये आगीला आमंत्रण.

जवळच्या लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं आणा. भुसा मिळाला नाही तर कोरडी बारीक वाळू. पट्ट्यावर बोटभर जाड पसरा, वॉचमनला चपलेने दाबत एकदा चालायला सांगा, आणि रात्रभर राहू द्या. रॅम्पच्या दोन्ही टोकांना दोन खुर्च्या आडव्या लावा, नाहीतर भुशावरूनच कोणीतरी घसरेल. सकाळी भुसा गडद, दमट झालेला दिसेल. तो झाडून घ्या आणि पुन्हा कोरडा पसरा. दोन-तीन फेऱ्यांत भुसा जसा टाकला तसाच उचलला जायला लागला की ऑइल वरचं संपलं. मग धुण्याची पावडर आणि धुण्याचा सोडा यांचं थोड्या कोमट पाण्यात घट्ट लगदा करून डागावर थापा, अर्धा तास ठेवा, कडक प्लास्टिकच्या ब्रशने घासा, आणि तो फेसही पाइपने गटारात न सोडता भुशानेच टिपून घ्या. पेव्हर ब्लॉकमध्ये मुरलेली सावली राहीलच. दोन पावसाळ्यांत जाते.

गटारात का नाही, तर पार्किंगची पावसाळी गटारं ओढ्याला जातात आणि ओढा मुठेला. मधे कुठलंही शुद्धीकरण नाही. वापरलेलं ऑइल आणि त्याने भिजलेला भुसा घातक कचरा या सदरात मोडतो, त्यासाठी 2016 चे नियमच आहेत, आणि 2024 च्या एप्रिलपासून तर जुनं ऑइल गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. तुमच्यापुरतं एवढंच: तो भुसा दुहेरी पिशवीत बांधून मेकॅनिकला द्या, त्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपाबरोबर जाऊ दे. ओल्या कचऱ्यात नको. वॉचमनवर लक्ष ठेवा, थंडीत शेकोटीला इतका छान पेटणारा भुसा तो सोडणार नाही, आणि त्याचा धूर छातीत जाऊ नये असाच असतो. पट्टा गेटबाहेर रस्त्यावरही गेला असेल तर ते तुमचं काम नाही, अग्निशमन दलाला 101 वर कळवा. पुण्यात रस्त्यावर ऑइल सांडल्याची वर्दी त्यांना नेहमीच येते, ते माती टाकून जातात.

बी विंगच्या काकांकडे तुम्ही गेलात का, ते पत्रात नाही. नसाल गेला तर हे वाचून संपायच्या आत जा. दवाखान्याचं बिल विचारा आणि द्या, ‘मेकॅनिककडून मिळाले की देते’ असं म्हणू नका, ते तुमचं आणि मेकॅनिकचं. आणि त्यांची स्कूटर बघा. टायरला लागलेलं ऑइल भांड्याच्या साबणाने घासून काढायला लागतं, नुसतं पुसून ते वळणावर पुन्हा दगा देतं. पुढे डिस्क ब्रेक असेल आणि त्यावर ऑइल उडालं असेल तर ब्रेकचे पॅड बदलावे लागतात, एकदा ऑइल प्यायलेले पॅड पुसून सुधारत नाहीत. गुडघ्यापेक्षा ही गोष्ट महत्त्वाची, आणि काकांना ती सुचलेली नसणार.

सेक्रेटरींचा दंड ग्रुपवर जाहीर करून लागू होत नाही. उपविधींत दंडाची तरतूद असते, पण आधी लेखी नोटीस, तुमचं म्हणणं ऐकणं आणि सर्वसाधारण सभेचा निर्णय, असा तो रस्ता आहे. हे त्यांना ग्रुपवर सुनवावंसं वाटेल. सुनवू नका. त्याऐवजी लिहा की सफाईचा भुसा, सोडा आणि माणसाची मजुरी मी देते, पावत्या सभेपुढे ठेवते, दंडाचा विषय सभेत घेऊ. पाच हजारांचा आकडा मग आपोआप खाली येतो. त्या पावत्यांची एक प्रत मेकॅनिकच्या हिशेबात घाला.

राहिलं, त्यांच्याकडे पुन्हा जायचं का. तुमचा मेसेज मिळाल्यावर ते काय करतात ते बघा. जॅक आणि ऑइलचा डबा घेऊन स्वतः आले, नट दाखवला, खर्च उचलला, तर मी जाईन. त्या पोराला तुमच्या नावाने काढून टाकतो म्हणाले तर मात्र अडवा. त्याला पाना हातात देऊन कोणी बघायला उभं नव्हतं, चूक तिथे आहे, आणि मी तीन पगार भरले तरी माझी नोकरी कोणी घेतली नव्हती. आले नाहीत, पोराला पाठवलं, किंवा पुन्हा ‘काही होत नाही’ म्हणाले, तर बाबांच्या त्या रात्रीबद्दल त्यांचे उपकार वेगळे माना आणि गाडी दुसरीकडे न्या.

दुरुस्तीनंतर रोज रात्री गाडीखाली पेपर पसरा, इंजिनाच्या बरोबर खाली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून. सकाळी उचलून बघा. पहिल्या दिवशी गार्डमधले दोन-चार थेंब दिसतील, त्यांच्याभोवती पेनने गोल करून तारीख घाला म्हणजे उद्याचे वेगळे कळतील. आठवडाभर पेपर कोरडा निघाला की मला कळवा. आणि वखारीत जाल तेव्हा भुशाची दोन पोती आणा. एक वॉचमनच्या केबिनमागे ठेवा, सोसायटीत तुमची एकटीचीच गाडी नाही.